पाच नंबरचं दार

दोन नंबरचं दार उघडलं तेव्हा स्टेशनात बस नव्हती. येण्याच्या बेतातही नव्हती. मी केबिनमधून मान बाहेर काढून दोन्हीकडे पाहिलं, तर उन्हानं पांढरी पडलेली लेन लांबवर रिकामी. काचेची दोन पानं नेहमीसारखी हलकेच बाजूला झाली, बाहेरची झळ आत आली आणि पानं मिटली. मग, सावकाश दहा आकडे मोजावेत इतक्या वेळानं, बरोब्बर समोरचं पाच नंबरचं दार उघडलं आणि तेही मिटलं.

बाकावर एक बाई मटाराची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाऱ्यानं का हो?"

"वाऱ्यानंच," मी म्हटलं.

वारा नव्हता. पलीकडच्या बिल्डिंगवर वाळत घातलेली चादर जागची हलत नव्हती.

माझी मोठी मुलगी आता तेराची आहे. तेव्हा ती पोटात होती आणि मला चौथा महिना लागला होता. लग्न होऊन बार्शीहून या उपनगरात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. इथं नुकतीच बीआरटी सुरू झाली होती. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेल्या दोन लेन, त्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी रेलिंग, आणि मध्ये काचेची स्टेशनं. बस येऊन टेकली की तिच्या दारासमोरचं स्टेशनचं दार आपोआप उघडायचं. मला ढवळे मळा स्टेशनवर अटेंडंटचं काम मिळालं होतं. सकाळी सात ते तीन. दारांवर लक्ष ठेवायचं, लोकांना रांगेत उभं करायचं, काही बिघडलं तर फोन करायचा, एवढंच.

स्टेशनला सहा दारं होती. एक-दोन-तीन गावठाणाच्या बाजूला, चार-पाच-सहा मळ्याच्या बाजूला. मळा नावालाच. तिकडे बारा-बारा मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या. इकडे मात्र जुनं गाव तसंच होतं. मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, कौलारू घरं. मला त्या गावातलं कुणीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी घड्याळात बारा वीस झाले होते. हे लक्षात राहिलं, कारण एक पंधराला तेच पुन्हा झालं, उलट्या बाजूनं. आधी पाच उघडलं, मग दोन.

दुसऱ्या दिवशी बारा वीसला दोन उघडलं, मग पाच. सव्वाला पाच, मग दोन.

चौथ्या दिवशी मी फोन केला.

मुश्ताकभाई आले. सगळ्या स्टेशनांची दारं तेच बघायचे. पन्नाशीचे, सडपातळ, तोंडात कायम बडीशेप. शिडी लावून त्यांनी दोन्ही दारांचे सेन्सर काढले, पुसले, पुन्हा बसवले. एक गाडी मुद्दाम पुढेमागे घ्यायला लावून तपासलं.

"काही नाही ताई. नव्यासारखं चालतंय."

"बारा वीसपर्यंत थांबा."

ते थांबले. आम्ही दोघं मधल्या बाकावर बसलो होतो. बारा वीसला दोन नंबर उघडलं. मुश्ताकभाईंचं बडीशेप चावणं थांबलं. दार मिटलं. आणि मग आमच्या समोरून, अगदी हातभर अंतरावरून, ताज्या भाकरीचा वास गेला. तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी, आणि सोबत ठेचा. मी मागे वळून पाहिलं. स्टेशनात डबा उघडलेलं कुणी नव्हतं. पाच नंबर उघडलं, मिटलं.

मुश्ताकभाई उठले आणि हत्यारं पिशवीत भरायला लागले.

"काय झालं, भाई?"

"सेन्सर बदलतो दोन्ही," ते म्हणाले. "पण ताई, एक ऐका. त्या वेळेला या दोन दारांच्या मध्ये बसू नका. तुमची तब्येत अशी."

त्यांनी सेन्सर बदलले. दुसऱ्या दिवशी बारा वीसला दार उघडलं.

मी नवऱ्याला सांगितलं, तो हसला. शेजारच्या काकूंना सांगितलं, त्या हसल्या नाहीत. "पोटुशी बाई आणि भर बाराची वेळ," त्या म्हणाल्या. "काम सोड म्हणत नाही मी. पण ते जे काय आहे ते तुझ्या अंगावरून जातंय रोज." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे पंधरा-वीस दिवस मी बाराला केबिनमध्ये जाऊन बसायची, दार लावून, दोन्ही हात पोटावर धरून. तरी कान तिकडेच. दोन उघडल्याचा आवाज आला की मी मोजायला लागायची. दहापर्यंत आकडे गेले की पाच. कधी नऊ, कधी अकरा. चुकलं कधीच नाही. जे कुणी होतं ते एकाच चालीनं जायचं, घाई नाही, रेंगाळणं नाही. आणि जाताना-येताना वाट एकच.

मग एका गुरुवारी तो प्रकार झाला. कॉलेजातली एक मुलगी पाच नंबरच्या दाराला पाठ टेकून मोबाइल बघत उभी होती. केबिनच्या काचेतून मला दिसली, आणि त्याच क्षणी घड्याळही दिसलं. मी ओरडत बाहेर पळाले. तेवढ्यात दार उघडलं. मुलगी मागच्या मागे लेनमध्ये पडली. समोरून बस येत होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि बस तिच्यापासून दोन हातांवर थांबली. कोपर फुटलं, दुसरं काही नाही. पण मुलगी उठेना. उठवायला गेले तर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मला कुणीतरी बाजूला सारलं. हळूच. म्हातारी माणसं वाटेतून सारतात ना, तसं."

संध्याकाळपर्यंत आमचे सुपरवायझर कुलथे साहेब आले. मी लिहून दिलं. दोन आणि पाच ही दारं कायमची बंद करावीत, प्रवाशांना धोका आहे. खाली माझी सही.

"बरोबर आहे," कुलथे साहेब म्हणाले. "उरलेल्या चार दारांवर भागतंय. मुश्ताकला सांगतो. उद्या करून टाका."

शुक्रवारी मुश्ताकभाई अकराला आले. दोन्ही दारांची वीज कशी तोडायची ते त्यांनी पॅनेलवर दाखवलं, खालच्या खिट्ट्यांना तेल घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुम्हीच लावता का? मला पुढच्या स्टेशनला बोलावलंय." त्यांना तिथं थांबायचं नव्हतं, हे मला कळत होतं. जाताना ते म्हणाले, "आत्ताच लावा ताई. बारा वाजायच्या आधी."

मी आत्ताच लावलं नाही. याचाच विचार मी इतकी वर्षं करत आलेय. साडेअकराला माझ्या हातात किल्ली होती. तेव्हाच कडी घातली असती तर जे काही होतं ते गावठाणाच्या बाजूला राहिलं असतं, त्याच्या स्वतःच्या घराकडे. पण मला ते गावठाणात नको होतं. रोज संध्याकाळी भाजीला मी तिथल्याच गल्लीतून जायची. मला ते लांब हवं होतं. म्हणून मी वाट पाहिली. बारा वीसला दोन उघडलं. मी केबिनमध्ये उभी राहून मोजलं. दहा झाले, पाच उघडलं. पाच मिटलं. मी धावत गेले, पाचची खिट्टी खाली दाबली, किल्ली फिरवली. मग दोनची. मग पॅनेलवरची बटणं खाली केली.

गेलं बाहेर, मी मनाशी म्हटलं. आता येऊ नकोस.

सव्वाला स्टेशनात सात-आठ माणसं होती. एक माणूस पेपर वाचत होता, दोन बायका भिशीवरून बोलत होत्या. पाच नंबरची काच थरथरली. बस जवळून गेली की थरथरते तशी. पण बस नव्हती. थांबली. पुन्हा थरथरली. मग कुणी तळहातानं काच लोटून पाहावं तसा एक दबका आवाज आला. आणि मग आणखी एक, खालून, गुडघ्याच्या उंचीवरून.

पेपर वाचणाऱ्यानं मान वर केली. "अहो, ते दार लागलंय बहुतेक."

"बंद केलंय," मी म्हटलं. "कायमचं."

अडीच वाजेपर्यंत काच अधूनमधून थरथरत होती. मी केबिनमध्ये डबा उघडून बसले होते, एक घास गेला नाही. अडीचनंतर काच शांत झाली. तीनला माझी पाळी संपली तेव्हा गावठाणातून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मला काही वाटलं नाही. गावात माणसं जातच असतात.

शनिवारी काही झालं नाही. रविवारी सुट्टी. सोमवारीही काही नाही. मी नीट झोपले, नीट जेवले. काकू म्हणाल्या, चेहरा सुधारला तुझा.

पंधराएक दिवसांनी, दुपारी बाराच्या आसपास, एक बाई स्टेशनात आली. चाळिशीची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ती आत येऊन मधल्या बाकापाशी थबकली. आधी दोन नंबरकडे पाहिलं, मग पाच नंबरकडे. मग वरच्या छताकडे.

"पहिल्यांदाच आले मी इथं," ती मला म्हणाली. "इतक्या जवळ राहून. वॉर्ड ऑफिसला हीच बस जाते ना, ताई?"

"हो, तीन नंबरच्या दाराशी उभ्या राहा. काय काम काढलंत?"

"सासूबाईंचा मृत्यूचा दाखला आणायचाय." ती बाकावर बसली, अजून पाच नंबरकडेच पाहत. "आमची पायवाट होती इथं. अशी, बरोब्बर या बाकावरून. घराच्या दारातून निघायचं ते थेट मळ्यातल्या विहिरीपाशी. आत्याबाई म्हणते मी सासूबाईंना. चाळीस वर्षं त्या याच वाटेनं मामंजींना भाकरी घेऊन गेल्या."

मी तिच्या शेजारी बसले.

तिचं नाव छबू. सासूबाईंचं नाव आनसाबाई. मामंजी जाऊन दहा वर्षं झाली होती, मळा विकला जाऊन सात. तरी म्हातारी रोज बाराला दुरडी घेऊन मळ्याकडे जायची, इमारतीच्या भिंतीशी बसून एकटीच बोलायची आणि जेवणवेळ सरली की परत यायची. मग रस्त्याचं काम निघालं, रेलिंग लागलं. पहिल्याच दिवशी ती रेलिंग ओलांडायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणावर.

"दोन वर्षं मीच केलं सगळं," छबू म्हणाली. "अंगानं कुठं हलत नव्हत्या हो. पण या उन्हाळ्यात, तुमची ही बस सुरू झाली ना, तेव्हापासून एक नवीनच सुरू झालं. बारा वाजले की मला म्हणायच्या, छबे, दुरडी दे. मी आपली रिकामी दुरडी उशाशी ठेवायची. मग डोळे मिटून घ्यायच्या. हाक मारली तरी ओ नाही. श्वास एवढुसा. पहिल्यांदा घाबरले मी. मग तासाभरानं आपोआप डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, जेवले बरं का ते. चेहरा असा टवटवीत. डॉक्टर म्हणाले, गाढ झोप लागते, लागू दे."

"आणि मग?" मी विचारलं.

"त्या शुक्रवारी तास झाला, दीड तास झाला, डोळे उघडेनात. मग ओठ हलायला लागले. कान नेला तर म्हणत होत्या, दार उघड. मी पुढचं दार उघडलं. दार उघड. मागचं उघडलं. खिडक्या उघडल्या. म्हणतच होत्या. मग मी येडी झाले, ताई. कपाट उघडलं, देव्हारा उघडला, पेटीचं झाकण उघडलं, पिठाच्या डब्यांचीसुद्धा झाकणं काढली. घरात बंद म्हणून काही ठेवलं नाही. तरी म्हणत होत्या, उघड गं, बाहेर ऊन किती आहे." तिनं पदर तोंडाला लावला. "अडीचला गेल्या."

तीन नंबरशी बस येऊन लागली. दार उघडलं. छबू उठली.

"जाऊ नका," मी म्हटलं.

बस निघून गेली. मी तिला सगळं सांगितलं. दारं, वेळ, भाकरीचा वास, पडलेली मुलगी, किल्ली. आणि किल्ली मी कधी फिरवली ते. हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती, ते सोडून बाकी सांगता आलं असतं. पण तिनं डब्यांची झाकणं काढली होती.

तिनं कागदाची पिशवी बाकावर ठेवली. माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं. तिनं मारलं असतं तर मी मार खाल्ला असता.

"लंगडायच्या का?" तिनं विचारलं.

"काय?"

"चालताना. तुम्ही मोजायचात म्हणालात. अडखळायच्या का मध्ये?"

"नाही. कधीच नाही. एका चालीनं."

तेव्हा ती रडली. रडणं आटपल्यावर तिनं डोळे पुसले, कागदाची पिशवी उचलली आणि म्हणाली, "उद्या सव्वाला मी आमच्या बाजूला उभी राहते. तिथं रेलिंगचा एक गज तुटलाय, माणूस निघतो. तुम्ही दार उघडा."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी पॅनेलवरची बटणं वर केली. कुलथे साहेबांना कळलं असतं तर काम गेलं असतं. दोन आणि पाचच्या पुढे खुर्च्या आडव्या लावून माणसांना लांब केलं. खिट्ट्या वर ओढल्या. पलीकडे, गावठाणाच्या बाजूला, तुटक्या गजापाशी छबू उभी होती. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन.

सव्वा वाजला. काही झालं नाही. एक सतरा. पलीकडून एक गाडी गेली. मी पाच नंबरसमोरची खुर्ची काढली आणि हळू आवाजात म्हटलं, "आनसाबाई, दार उघडं आहे."

पाच नंबर उघडलं.

मी मोजायला लागले. दहा झाले. बारा. वीस. दोन नंबर हललं नाही. तीस. पन्नास. मिटलेल्या पाच नंबरपासून बाकापर्यंतची हवा जड झाली होती, घामाची, तापलेल्या मातीची. पंधरा दिवस बाहेर उन्हात काढले होते तिनं. मला कळलं, ती दोन नंबरकडे जातच नव्हती. ज्या जागी एकदा दार तोंडावर लागलं, त्या जागेतल्या दुसऱ्या दारावर ती का म्हणून विश्वास ठेवेल?

"चला," मी म्हटलं. "मी येते सोडायला."

मी दोन नंबरकडे चालत गेले, पुढची खुर्ची बाजूला सारली. बस नसताना ते माझ्यासाठी उघडायला नको होतं. उघडलं. फलाटाच्या कडेवर बसले, एक हात पोटाला धरून सरकत लेनमध्ये उतरले. डांबर चपलेतून भाजत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही, धाडस नव्हतं.

डावीकडून बस आली. जोराचा ब्रेक लागला. ड्रायव्हर कुणी नवीनच होता, तरुण, ओळखीचा नव्हता. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो ताई, इथून उतरायचं असतं का? जीव जाईल की!" मग त्याची नजर माझ्यावरून शेजारी गेली आणि आवाज एकदम उतरला. "बरं, थांबलोय मी. सावकाश न्या. हात धरा आधी म्हातारीचा, बघा कशा कापतायत त्या."

मी डावा हात बाजूला धरला. हाताला काही लागलं नाही. तरी तो तसाच धरून, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, मी लेन ओलांडली. बस जागची हलली नाही.

तुटक्या गजापाशी छबू होती. ड्रायव्हरचं बोलणं तिनं ऐकलं होतं. तिनं पदर सारखा केला, वाट सोडून एका बाजूला झाली आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली,

"किती उशीर केलात, आत्याबाई."